टर्बो की सुपरचार्जर? आधी रेडिएटरचं बोलू

कुपवाडच्या एका मुलाने विचारलंय. थोडक्यात असं: "काका, २०१२ची होंडा सिटी आहे, दीड लिटर आय-व्हीटेक. आतून सगळी रिकामी केलीय, फक्त ट्रॅकसाठी ठेवलीय. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर नेतो, पुढे चेन्नईलाही न्यायची आहे. सरळ पट्ट्यात सगळे पुढे निघून जातात. टर्बो बसवू की सुपरचार्जर? मित्राकडे डिझेल स्विफ्टचा टर्बो पडून आहे, तो चालेल का? यवतेश्वरच्या घाटात रेटून चालवली तरी टेंपरेचरचा काटा हलत नाही, म्हणजे कूलिंगचा प्रश्न नाही. इंटरकूलर केवढा लागेल तेवढं सांगा."

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस: घाटात काटा हलत नाही. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. दोन्ही इंजिनात हवा दाबून भरतात, टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर आणि सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टवर; त्यातला कुठला हे नंतर बघू. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये तुझी गाडी किती उष्णता बाहेर फेकू शकते, हे आधी ठरतं आणि तेवढीच ताकद तुला वापरायला मिळते. त्यावरची ताकद पहिल्या दोन-तीन लॅपपुरती. मग इनटेकची हवा तापते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि एवढा खर्च करून तू होतास तिथेच येतोस. वर हेड गॅस्केटची टांगती तलवार वेगळीच.

यवतेश्वरला काय होतं ते बघ. चढ काही मिनिटांचा. दर वळणाला पाय वर येतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल असा सलग मिळतच नाही. आणि इंजिन ब्लॉक, हेड, पाणी, ऑइल हे सगळं मिळून बरीच उष्णता नुसतं पोटात घेतं. कागदावर हिशेब केला तर रेडिएटर १० किलोवॉटने कमी पडत असेल तेव्हा तुझ्या इंजिनचं तापमान मिनिटाला साधारण पाच-सात अंशांनी चढतं. घाट संपेपर्यंत ते दिसायलाच लागत नाही. त्यातून कंपनीचा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत पाणी ८० वर असो की १०० वर, तो मधोमध उभा. तो हलला की समज, उशीर झालाय. आधी पाण्याला आणि ऑइलला वेगवेगळा सेन्सर लाव, आकडा दाखवणारा. त्यानंतर आपण बोलू.

आता आकारमान बघू. हायवेला ८०च्या वेगाने निवांत जाताना या गाडीला जेमतेम १०-१२ किलोवॉट लागतात. कंपनीच्या आकड्याप्रमाणे इंजिन ११८ पीएसचं, म्हणजे ८७ किलोवॉट. रेडिएटर घरातल्या माणसांना घेऊन महाबळेश्वरला जाण्यासाठी केलेला आहे, तू त्याच्याकडून कारखान्याच्या गळीत हंगामासारखं न थांबता काम मागतोयस. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा क्रँकवर येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाणी, ऑइल आणि इंजिनच्या अंगावरून बाहेर पडतो. ०.४ बार बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा वाढीव दाब) दिलास आणि १५५-१६० पीएस निघाले, की पाण्यात जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढली. रेडिएटर मात्र तोच.

त्यातही कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणांचा. सरासरी वेग कमी, म्हणजे रेडिएटरवर येणारी हवा कमी, आणि दर वळणातून बाहेर पडताना पाय पूर्ण खाली. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा, तिथे वेग मिळतो, हवाही मिळते, पण समुद्रसपाटीची दमट गरमी. लोकांना वाटतं मोठा ट्रॅक गाडी जास्त तापवतो. माझ्या अनुभवात छोटा, वळणांचा ट्रॅक जास्त छळतो.

आता निवड. बेल्टवर चालणाऱ्या सुपरचार्जरमध्ये रूट्स आणि स्क्रू हे दोन प्रकार फिरतील तेवढी हवा ढकलतात. स्क्रूचं तत्त्व तुला नवं नाही, तासगाव-जत भागात बोअर मारायला येणाऱ्या गाड्यांवरचा मोठा कॉम्प्रेसर त्याच जातीचा. थ्रॉटलला प्रतिसाद एकदम, खालच्या आरपीएमपासून ओढ. पण रूट्सची कार्यक्षमता कमी, ती हवा जास्त तापवते. तिसरा प्रकार सेंट्रिफ्युगल. तो टर्बोच्या थंड बाजूसारखाच, फक्त बेल्टवर फिरतो. त्याचा बूस्ट आरपीएमच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणजे अर्ध्या आरपीएमला पाव बूस्ट. रस्त्यावर हे कंटाळवाणं, पण पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला वळणातून निघताना हे चांगलं. टॉर्क एकदम येत नाही, टायर फिरत नाहीत, गिअरबॉक्स जगतो. आणि बोनेटखाली ९०० अंशांचा लाल गोळा नसतो. निव्वळ ट्रॅकचा विचार केला तर वरच्या आरपीएमला खुलणाऱ्या तुझ्या व्हीटेक इंजिनला सेंट्रिफ्युगल छान बसेल.

तरीही मी तुला टर्बोच सांगेन, आणि कारण तांत्रिक कमी, व्यवहाराचं जास्त. सुपरचार्जरचं किट बाहेरून मागवावं लागतं. पुली, बेल्ट, ब्रॅकेट काही तुटलं की महिनाभर गाडी ताडपत्रीखाली. टर्बोचं काम करणारी माणसं, बेअरिंग किट, बॅलन्सिंग हे सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात मिळतं, ट्रकवाल्यांची कृपा. दुसरं, टर्बोचा बूस्ट वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगने ठरतो. मे महिन्यात ट्रॅकवर गेलास तर हलका स्प्रिंग टाकून ताकद कमी करता येते. पुली बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. तिसरं, टर्बो क्रँकवरून ताकद खात नाही. १६० पीएसएवढी हवा दाबायला सुपरचार्जरला आठ-दहा हॉर्सपॉवर द्यावे लागतात, ते इंजिनला आधी तयार करावे लागतात आणि त्यांची उष्णताही रेडिएटरलाच सोसावी लागते. टर्बोचंही फुकट नसतं, एक्झॉस्टमध्ये बॅकप्रेशर येतं, पण टर्बो नीट निवडला तर ते आटोक्यात राहतं.

आणि इथेच मित्राच्या टर्बोचा विषय. तो लावू नकोस. त्यात चुकीच्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही जिवावरच्या. एक, डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. ते टर्बाइन आणि हाउसिंग साधारण साडेसातशे-आठशे अंशांच्या हिशेबाने केलेलं असतं. ट्रॅकवर पेट्रोलचा एक्झॉस्ट ९००च्या वर राहतो, तोही लॅपमागून लॅप. हाउसिंगला आधी वेस्टगेटच्या भोकाजवळ केसासारखी चीर पडते, मग ती वाढते. दोन, तो टर्बो १.३ लिटर डिझेलसाठी आहे, जे ४-५ हजार आरपीएमपर्यंत फिरतं. तुझं दीड लिटरचं पेट्रोल साडेसहा हजारांवर नेलंस की टर्बाइन गळा आवळतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधलं प्रेशर बूस्टच्या दुप्पट-तिप्पट होतं, जळलेला गॅस सिलिंडरमध्ये परत राहतो, पुढचा चार्ज आधीच तापतो आणि नॉकिंग सुरू, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप भडकतं. बूस्टच्या घड्याळात ०.५ दिसेल आणि तुला वाटेल सगळं ठीक. पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटेल तेव्हा घड्याळ तेच दाखवत असेल. पेट्रोल गाडीचा, सव्वा ते दीड लिटर इंजिनचा, पाण्याने थंड होणारा टर्बो घे. रस्त्यासाठी लोक जो घेतात त्यापेक्षा टर्बाइन एक नंबर मोठं. बूस्ट तीन हजारांना यायच्या ऐवजी पावणेचारला येईल. ट्रॅकवर तू तीन हजारांएवढ्या खाली असतोस कधी?

इंटरकूलरचं, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं, गणित तू विचारलंयस, तर ते असं. बाहेर ४० अंश, प्रेशर रेशो १.५, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के, म्हणजे कॉम्प्रेसरमधून हवा सुमारे ९५ अंशांनी बाहेर पडते. रूट्स असता तर ११० पर्यंत गेली असती. तुझ्या ताकदीला सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा लागते, तिला ९५ वरून ५० वर आणायचं तर साडेपाच किलोवॉट फेकावे लागतात. मध्यम आकाराचा बार-अँड-प्लेट इंटरकूलर हे करतो, फक्त त्याच्यावर हवा यायला हवी. सगळ्यात मोठा घेऊ नकोस. तो रेडिएटरच्या तोंडावर बसतो, त्यातून निघालेली गरम हवा रेडिएटरला मिळते आणि एक प्रश्न सोडवताना दुसरा वाढतो. जमलं तर रेडिएटरच्या अर्ध्या उंचीचाच घे, वरचा अर्धा भाग रेडिएटरला स्वच्छ हवेसाठी मोकळा.

पाण्याचा इंटरकूलर आणि बर्फाची टाकी हा व्हिडिओत बघून आलेला नाद कुणाकुणाला लागतो. ड्रॅगला ठीक, तिथे काम काही सेकंदांचं. पाच किलो बर्फ वितळायला सुमारे १,६७० किलोज्यूल लागतात. ट्रॅकवर सरासरी तीन किलोवॉट धरले तर बर्फ नऊ-दहा मिनिटांत संपला, सेशन अर्धं बाकी.

आता खरं काम. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ तापणाऱ्या गाड्यांत रेडिएटर लहान नसतो, हवा चुकीच्या वाटेने जात असते. उदाहरण देतो, मोठ्या ॲल्युमिनियम रेडिएटरची गाडी होती, पाणी ११० च्या वर जायचं, मालक आणखी जाड कोअर (रेडिएटरचा जाळीचा गाभा) घ्यायच्या तयारीत. बंपर काढला तर रेडिएटर आणि बंपरच्या मध्ये दोन्ही बाजूंना माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी फट. जाळीतून आत आलेली हवा जाड कोअरमधून कशाला जाईल? ती बाजूने सटकते. एक मिलिमीटरची ॲल्युमिनियमची शीट घेतली, बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत पेटी केली, कडांना दाराच्या रबराची पट्टी लावली. तोंडाला भोक लहानच ठेवलं, कोअरच्या क्षेत्रफळाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि पेटी आत जाताना हळूहळू पसरत नेली. पसरताना हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो आणि ती कोअरमधून ढकलली जाते. पत्रा, रिबिट, रबर, एवढाच खर्च. कोअर तोच राहिला आणि पाणी शंभराच्या आत आलं.

आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, ते तर कोणी बघतच नाही. आपल्याकडे बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून बोनेट उचलायची पद्धत आहे. दिसायला रेसिंग. पण विंडशिल्डच्या पायथ्याशी चालत्या गाडीत दाब जास्त असतो, त्या फटीतून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरते. उभ्या गाडीत वाफ निघते म्हणून वाटतं काम होतंय. भोक पाडायचंच तर बोनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या फटी) पाडून. खात्री करायची असेल तर लोकरीचे धागे टेपने चिकटव, मित्राला बाजूच्या गाडीतून फोनवर शूटिंग करायला लाव, धागा कुठल्या बाजूला उडतो ते दिसतं. खालचा प्लास्टिकचा ट्रे काढून टाकू नकोस. "हवा लागावी" म्हणून सगळे काढतात, आणि खालची हवा वर घुसून रेडिएटरच्या मागचा दाब वाढवते.

टर्बो इंजिन आणि फायरवॉलच्या मध्ये आला तर तिथे हवा कोंडते. टर्बाइनला ब्लँकेट घाल, डाउनपाइपला हीट शील्ड लाव, ब्रेकची पाइप आणि वायरिंगचा गुच्छ तिथून हलव. मॅनिफोल्डला कापडी रॅप गुंडाळायचा मोह होईल. स्टेनलेसला चालतो, साध्या लोखंडाचा मॅनिफोल्ड त्याच्या आत ओल धरून सडतो आणि तडकतो.

पाण्याचं बोलायचं तर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं बंद कर. तुमच्या मिरज, वाळवा भागातलं पाणी किती जड आहे ते घरच्या गिझरला विचार. क्षार इंजिनच्या आतल्या भिंतीवर बसले की धातूची उष्णता पाण्यात जातच नाही, आणि मग बाहेर कितीही मोठा रेडिएटर लाव. डिस्टिल्ड पाणी घाल. अर्धं-अर्धं कूलंट साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, आणि सांगलीत पाणी गोठायची भीती नाही, म्हणून ट्रॅकच्या गाडीला मी जास्त पाणी आणि गंज रोखणारं ॲडिटिव्ह देतो. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर निसरडं होतं, काही ठिकाणी चालवूनच देत नाहीत. कॅप १.१ बारची, नवी. दाबाखाली पाणी १२०च्या आसपास उकळतं. कॅपचं रबर वाळलेलं असेल तर ते कोइमतूरला शंभराखालीच उकळायला लागेल. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासही बंद करतो, तिथे तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं.

ऑइल हा पाण्यापेक्षा मोठा शत्रू, कारण ते उशिरा तापतं आणि उशिरा थंड होतं. पाणी ९५ वर शांत दिसतं तेव्हा ऑइल १३५ वर असू शकतं. ११०-१२० ला मी निवांत असतो, १३० ला पिटमध्ये बोलावतो. टर्बो आला की ऑइल कूलर आलाच, थर्मोस्टॅटची प्लेट घालून, आणि तो रेडिएटरच्या पुढे नको, बंपरच्या बाजूच्या भोकात. टर्बोतून परत येणारी ऑइल लाइन जाड, सरळ उताराची आणि संपमधल्या (इंजिनच्या तळाच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली पाहिजे. ती तुंबली की सील धूर सोडतो आणि लोक टर्बोला शिव्या देतात.

पेट्रोल. आता पंपावर ई२० येतंय, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल त्यात. ट्रॅकच्या बूस्टच्या गाडीला ही तशी चांगली बातमी. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं आणि नॉकिंगही अडवतं. पण हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतं, इंजेक्टरला तेवढं जास्त पाजावं लागतं. जुन्या शुद्ध पेट्रोलच्या मॅपवर (ईसीयूतल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यावर) बूस्ट दिलास तर मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रण बूस्टमध्ये पिस्टन वितळवतं. तुझ्या इंजिनचं कॉम्प्रेशन दहाच्या वर आहे, म्हणून ९५ किंवा १०० ऑक्टेन घे आणि ०.४ बारला थांब. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८०-०.८५, म्हणजे इंधन नेमक्यापेक्षा थोडं जास्तच. नॉकिंगच्या भीतीने इग्निशन फार मागे ओढणाऱ्या मॅपरपासून सावध राहा. मागे ओढलं की उरलेली आग एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बो लालबुंद होतो आणि तुझी बोनेटखालची सगळी मेहनत वाया.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. सातारा सातशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब इथे ०.९३ बारच्या आसपास. इथे ०.४ च्या स्प्रिंगवर मॅप केला तर सिलिंडरवर १.३३ बार. तोच स्प्रिंग चेन्नईला १.४१ देतो. हवा सहा टक्क्यांनी जास्त, आणि ती दमट उकाड्यातली. इथे कड्यावर आणून ठेवलेला मॅप तिथे कड्यावरून खाली पडतो. म्हणून दोन अंश इग्निशन राखून ठेवायचं आणि मॅप ॲब्सोल्यूट प्रेशरवर (एकूण दाबावर) करायचा, गेज प्रेशरवर (बाहेरच्या हवेपेक्षा वाढीव दाबावर) नाही.

ब्रेक फ्लुइडही लक्षात घे, सरळ पट्ट्यात वेग वाढला की ब्रेकला जास्त उष्णता. ओल शोषलेलं डॉट ४ दीडशे-पावणेदोनशेच्या पट्ट्यात उकळतं, दर ट्रॅक-डेच्या आधी बदल. आणि टर्बो लावलेली गाडी रस्त्यावर आणू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणारा बदल चालत नाही, विमाही हात वर करेल. फ्लॅटबेडवरून ने.

खर्चाचा क्रम असा लाव: सेन्सर आणि डेटा लॉगर, मग पेटी, लूव्हर आणि ऑइल कूलर, आणि याच गाडीने, टर्बोशिवाय, एक कारी करून ये. वीस मिनिटं सलग चालवल्यावर पाणी ९५ च्या आत आणि ऑइल ११५ च्या आत राहिलं तर टर्बोचं बघू. नाही राहिलं, तर आधी ते. लॉगची फाइल पाठव, काट्याचा फोटो नको. आणि मॅपिंगला गाडी आणशील तेव्हा टाकीत तेच पेट्रोल घालून आण जे ट्रॅकवर घालणार आहेस.